बायकांची चौदा

"दादा, इकडं या जरा," पद्मा म्हणाली. "तुमच्या एकापुढं काहीतरी आहे."

ती आमच्या शेडमध्ये बसच्या डाव्या अंगाला उकिडवी बसली होती. शेजारी पाण्याचा डबा, हातात ओला पॉलिश पेपर. तिनं घासलेल्या जागेवर पत्र्याचे थर कांदा सोलल्यासारखे दिसत होते. वर तपकिरी, खाली हिरवा, त्याच्याखाली पिवळसर आणि तळाला मूळचा लाल. लालावर पांढऱ्या रंगातला देवनागरी एक होता. तो आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होता. त्याच्या जोरावरच तर आमचा सगळा खटाटोप चालला होता.

"काय आहे?" मी विचारलं.

"इथं खड्डा बुजवायला लांबी भरलेली होती. पत्रा चेपला असणार कधीतरी. ती लांबी काढली तर हे निघालं."

एकाच्या उजवीकडे, बोटभर अंतरावर, पांढऱ्या रंगातला चार होता. पुसट, पण पुरता. वाद घालायला जागा नव्हती.

१९९९ सालच्या फेब्रुवारीतला तो मंगळवार होता. मी तेव्हा सोलापुरात टेलिफोन खात्यात होतो आणि रिकाम्या वेळात जुन्या शहर बसगाड्यांच्या मागं लागलेलो होतो. माझ्यासारखे आणखी दोघे मिळून आम्ही एक मंडळ केलं होतं. शहरात धावलेल्या पहिल्या वीस गाड्यांपैकी एकही उरली नाही असं सगळे म्हणायचे. तीन वर्षं भंगाराच्या वखारी आणि शेतातली खोपटं पालथी घातल्यावर मंद्रूपजवळच्या एका वीटभट्टीवर मला ही गाडी सापडली. चाकं नव्हती, आत कडबा भरलेला होता, नंबराची पट्टी कुणीतरी कधीच उपटून नेली होती. पण अंगावर, वरचे रंग उडालेल्या जागी, हा एक होता. म्हणजे ही शहराची पहिली बस. मी वर्तमानपत्राला तसं सांगितलं. त्यांनी माझ्या फोटोसह छापलं. येत्या रविवारी सकाळी दहाला एका निवृत्त न्यायाधीशांच्या हस्ते 'शहराच्या पहिल्या बस'ची पुन्हा एकदा पहिली फेरी निघणार होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"चौदा," दस्तगीरचाचा माझ्या मागून म्हणाले. दस्तगीर नदाफ बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री. इंजिन त्यांनीच उभं केलं होतं, आणि रविवारी गाडीही तेच चालवणार होते. "म्हणजे ही चौदा नंबर हो, दिगूभाऊ."

"एक आणि चार वेगवेगळ्या वेळी लिहिलेले असतील."

"एकाच कुंचल्यानं लिहिलेत," पद्मा म्हणाली. "एकाच दिवशी."

पद्मा येमूल पाट्या रंगवायची. तिच्याशी कुंचल्याच्या गोष्टीत वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. छापून आलेल्या बातमीचं कात्रण माझ्या आईनं देवघराशेजारी चिकटवलं होतं.

"असं करू," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला. "चारावर लांबी भर. वर लाल रंग मार आणि नुसता एक लिही."

दस्तगीरचाचा गाडीत चढले. पद्मानं डब्यातलं पाणी ओतून दिलं.

"लिहिते," ती म्हणाली. "काम तुमचं आहे. पण खाली माझं नाव टाकणार नाही."

पाटीच्या कोपऱ्यात 'येमूल' असं बारीक अक्षरात लिहायची तिची रीत होती. शहरभर ते नाव होतं. मी म्हणालो, नको टाकूस.

संध्याकाळपर्यंत एक लिहून झाला. देखणा होता. मी त्याच्यासमोरून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पद्मा सीटांचे नंबर लिहायला गाडीच्या आत गेली. सीटांच्या पाठी सागवानी फळ्यांच्या होत्या, आणि त्यांच्यावर इतके ओरखडे होते की मी दस्तगीरचाचांना सगळ्या फळ्यांवर रंधा मारायला सांगितलं होतं. चार फळ्या झाल्या होत्या. पाचवी त्यांनी पकडीत आवळली होती.

"चाचा, थांबा," पद्मा म्हणाली. "हात काढा."

चाचांनी रंधा उचलला. पद्मानं फळी दाराच्या उजेडात नेली, ओढणीच्या टोकानं पुसली आणि डोळ्यांजवळ धरली.

"तुम्ही हे वाचलंत का कुणी?"

"ओरखडे काय वाचायचे?" मी म्हणालो.

"ओरखडे नाहीत. तेलुगू आहे हे."

मला तेलुगू येत नव्हतं. पद्माचं घराणं तेलुगू पद्मशाली विणकरांचं, आणि ती शिकली होती तेलुगू शाळेत. ती बोटानं एकेक रेघ दाखवू लागली. "हा अ. हा पण अ. पुन्हा अ. हा उलटा काढलाय. हा आ. बघा, एका ओळीत सात वेळा आ." मग खालच्या ओळीवर बोट थांबलं. "इथं शब्द आहे. अम्मा."

आम्ही उरलेल्या फळ्या एकेक करून उजेडात आणल्या. पंधरा-सोळा फळ्यांवर तेच. वर वेडीवाकडी अक्षरं, खाली जरा सरळ, त्याच्याखाली शब्द आणि अगदी तळाला नावं. राजव्वा. नरसव्वा. दुसऱ्या सीटच्या पाठीवर पद्मा अडखळली आणि तिनं ते नाव दोनदा वाचलं.

"बालामणी गुर्रम," ती म्हणाली. "ही तर आमच्या गल्लीतली बालव्वा."

गुरुवारी सकाळी पद्मा तिला घेऊन आली. बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची, बुटकी, काटक बाई. नाकात दोन्हीकडे चमकी आणि जाड भिंगाचा चष्मा. तिनं आमच्याकडे बघितलं नाही, बाहेर लिहिलेल्या माझ्या सुंदर एकाकडेही बघितलं नाही. मागच्या दारानं चढली, डावीकडची तिसरी सीट गाठली आणि खिडकीकडे सरकून बसली. समोरच्या फळीवरून हात फिरवला. फळी आम्ही नुकतीच परत बसवली होती.

"हे माझं," ती म्हणाली.

मी शेजारी उभा राहिलो. "आजी, हे काय आहे?"

"शाळा होती बाबा. दुसरं काय."

मग तिनं सांगितलं. विड्यांचा कारखाना तेव्हा शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याला गेला होता. घरी वळलेल्या विड्या रोज सकाळी तिथं नेऊन द्यायच्या आणि नवीन पान-तंबाखू घेऊन यायचं. ही गाडी साखर पेठेतून निघायची आणि त्या वेळेला आत सगळ्या बायकाच असायच्या, म्हणून तिला नाव पडलं बायकांची गाडी. पंचवीस मिनिटांचा रस्ता. बायकांमध्ये अंबव्वा म्हणून एक जण होती, करीमनगरकडून लग्न होऊन आलेली. ती चार यत्ता शिकलेली होती. बाकीच्यांना अक्षराचा गंध नाही.

"ती म्हणाली, हात रिकामे आहेत तर शिका की. पाटी कुठाय? म्हणाली, समोर आहे. पानं कापायची कात्री सगळ्यांच्या कमरेला असायचीच. जायला एक अक्षर, यायला तेच अक्षर. दुसऱ्या दिवशी दुसरं. जिला येत नाही तिनं उभं राहायचं. सीट नाही मिळायची तिला."

"कंडक्टर काही बोलत नव्हता?"

"मडिवाळप्पा? बोलायचा तर. रोज ओरडायचा, सरकारी लाकूड खरवडताय म्हणून. आणि गाडी खड्ड्यात जायच्या आधी सांगायचा, बायांनो, हात उचला, रेघ वाकडी होईल." ती स्वतःशीच हसली. "दोन वर्षं लागली मला. लेकीला शाळेत घातली तेव्हा मास्तरांनी अंगठ्याची शाई पुढं केली. मी म्हटलं, पेन दे."

तिनं फळीवरच्या आपल्या नावावर पुन्हा एकदा बोट फिरवलं. दस्तगीरचाचा ड्रायव्हरच्या जागेवर बसून समोरच्या काचेतून बाहेर बघत होते.

"आजी," मी विचारलं, "ही कितव्या नंबरची गाडी होती, आठवतं?"

"चौदा की. नंबर बघूनच चढायचो. अंबव्वानं अक्षराच्या आधी आकडाच शिकवला. चुकीच्या गाडीत बसलो तर दिवस गेला." मग तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "का? तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणालो.

मी खाली उतरलो. पद्मा बाहेर कुंचले धूत होती. मी तिला म्हणालो, "तो एक पूस."

तिनं मान वर केली नाही. "रंग वाळायला दोन दिवस लागतात, दादा. आज सांगितलंत ते बरं केलंत."

त्या दुपारी मी न्यायाधीशांना फोन केला. पलीकडे ते ऐकत होते आणि मी बोलत होतो. चूक माझी, गाडी पहिली नाही, विडीवाल्या बायकांची शाळा भरायची ती चौदा नंबर, छापून आलं ते चुकीचं, तुम्ही आला नाहीत तरी मी समजू शकतो. बोलून संपलं तेव्हा ते म्हणाले, "एक नंबर गाडीत अशी काही शाळा भरत होती का?"

"माहीत नाही साहेब. नसावी."

"मग चौदा तर चौदा. मला बसायला जागा ठेवा म्हणजे झालं."

वर्तमानपत्रानंही दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, चार ओळी. आईनं कात्रण काढलं नाही. तिनं 'पहिली'वर पेनानं काट मारली आणि वर 'चौदावी' लिहिलं.

रविवारी दहाला मी पन्नास माणसं धरून चाललो होतो. बालव्वानं पूर्वभागात, विडीवाल्यांच्या वस्तीत, काय निरोप फिरवला होता कोण जाणे, साडेनऊलाच सत्तर-ऐंशी म्हाताऱ्या बायका शेडसमोर जमल्या. ठेवणीतली लुगडी, डोक्यात मोगऱ्याचे गजरे. काहींबरोबर लेकी, सुना, नातवंडं. गाडीच्या अंगावर लाल रंगात पांढरा चौदा, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात येमूल. न्यायाधीशांनी फीत कापली. ते वळून भाषणाचा कागद काढेपर्यंत बायकांनी गाडी भरून टाकली होती. अडतीस सीटा आणि आत साठ जणी तरी. न्यायाधीश वरचा दांडा धरून उभे राहिले. एकीनं त्यांना सांगितलं, "पाठ नाही झाला की उभंच राहायचं असतंय."

मी खाकी शर्ट घालून कंडक्टर झालो होतो. सगळा गोंधळ आवरेपर्यंत अकरा वाजले. मग घंटेची दोरी ओढली, दस्तगीरचाचांनी क्लच सोडला आणि चौदा नंबर हलली. आत जो गलका उठला तो मला आजही शब्दांत सांगता येत नाही. साठ जणी एकदम बोलत होत्या, आपापली सीट शोधत होत्या, एकमेकींना नावानं हाका मारत होत्या. त्यातल्या काही जणी वीस-पंचवीस वर्षांनी भेटत होत्या.

पुढच्या एका सीटवर एक उंच बाई नुसती फळीवरून हात फिरवत बसली होती. ती फळी गुळगुळीत होती. रंधा मारलेल्या चारांपैकी एक. मला तोंड चुकवावंसं वाटलं, पण गाडीत जागाच नव्हती.

"माझं इथं होतं," ती म्हणाली. "सायव्वा कोंडा."

"माझ्यामुळं गेलं," मी म्हणालो. "मला वाटलं नुसते ओरखडे आहेत. मीच घासून टाकायला सांगितलं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग कमरेची चंची सोडली, त्यातून कात्री काढली आणि फळीला टोक लावलं. त्या फळीला मी स्वतः तीन हात पॉलिश केलं होतं. तिनं नाव लिहिलं, शेवटच्या अक्षराला जरा थांबली, शेजारणीला काहीतरी विचारलं आणि पुरं केलं. "आता आधीपेक्षा बरं आलं," ती म्हणाली.

विड्यांचा तो कारखाना केव्हाच बंद पडला होता. त्या आवारात आता मंगल कार्यालय झालेलं होतं. फाटकापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं असा आमचा बेत. रविवार आहे, लग्नसराई आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. गाडी फाटकाशी थांबते तोच बँड सुरू झाला. चार-पाच माणसं धावत आली आणि त्यांनी आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. एका बाईनं न्यायाधीशांना कुंकू लावलं. कुणीतरी बालव्वाच्या हातात पेढा ठेवला. फेटा बांधलेले एक गृहस्थ हात जोडून पुढं आले आणि म्हणाले, "या, या, फार वाट बघायला लावलीत. नवरदेव कुठंय?"

मी म्हणालो, "आम्ही वऱ्हाड नाही."

त्यांचा चेहरा पडला. ते मुलीचे वडील. मुहूर्त बारा वीसचा. तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते आणि अक्कलकोटहून येणाऱ्या वऱ्हाडाचा पत्ता नव्हता. ते बोलत असतानाच एक पोरसवदा माणूस मोटारसायकलवरून आला. वऱ्हाडाची गाडी कुंभारीच्या अलीकडे बंद पडली होती. एक्सल तुटला होता. चाळीस माणसं आणि नवरदेव रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले होते.

मुलीच्या वडिलांनी आमच्या गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी दस्तगीरचाचांकडे गेलो. "जमेल?"

"तुम्हीच म्हणाला होता, दिवसाला दहा किलोमीटरच्या वर चालवायची नाही. मग ठेवायची झाकून. गाडी इतिहासाची आहे."

हे मी खरंच म्हणालो होतो. लेखी नियम केला होता मी. हे इंजिन पुन्हा मिळणार नव्हतं. त्याच्या एका पंपासाठी मी हैदराबादला चार खेपा मारल्या होत्या. कुंभारीला जाऊन भरल्या गाडीनं परत यायचं म्हणजे त्या नियमाचं काही उरत नव्हतं.

बालव्वा खिडकीतून ऐकत होती. "काय विचार करायलास?" ती म्हणाली. "गाडी हाय, डायव्हर हाय, माणसं खोळंबलीत. अजून काय पायजे?"

मी म्हणालो, "चला."

बायकांना उतरवणं हेच अवघड काम होतं. शेवटी न्यायाधीशांनी मध्यस्थी केली आणि मांडवात जेवण आहे हे सांगितलं, तेव्हा उतरल्या. बालव्वा आणि आणखी तिघी मात्र उतरल्या नाहीत. वऱ्हाडाला गाडीची माहिती कोण देणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आम्ही निघालो. रिकामी गाडी हलकी होती. चाचांनी ती अशी काही हाकली की खिडक्या वाजायला लागल्या. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी होती, आणि मी फूटबोर्डवर उभा होतो. तीन वर्षं मी या गाडीचा एकेक खिळा मोजला होता, पण ती पळताना कशी असते हे मला माहीतच नव्हतं. हवा तोंडावर येत होती. मागून चौघींनी तेलुगूत काहीतरी गायला सुरुवात केली.

लिंबाखाली नवरदेव सुटकेसवर बसला होता, मुंडावळ्या कानामागं सारून. वऱ्हाड गाडीत चढलं. एक जाडजूड मामा पहिल्या रिकाम्या सीटवर टेकायला गेले तर बालव्वानं हात आडवा धरला.

"ही बायकांची गाडी. पुरुषांनी मागं उभं राहायचं."

"आणि नवरदेव?"

तिनं त्याला आपादमस्तक बघितलं. "त्याला आजच्या दिवस बसू दे." तो तिच्याशेजारी अंग चोरून बसला.

मामांनी मला विचारलं, "ही शहरातली पहिली बस म्हणे? पेपरात काहीतरी वाचलं होतं."

"नाही," मी म्हणालो. "चौदावी." आणि घंटा दिली.

फाटकाशी पोचलो तेव्हा बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. मांडवातून आमच्या बायका सगळ्यांच्या पुढं धावत आल्या. नवरदेवासाठी आणलेली घोडी कोपऱ्यात उभी होती, पण त्याला खाली उतरू देईनात. अशीच गाडी मांडवाच्या दारापर्यंत न्यायची, असं मुलीच्या वडिलांनीच सांगितलं. बँड समोर आला. बँडवाले उलटे चालत वाजवत होते, बायका दोन्ही बाजूंनी फुगड्या घालत होत्या, आणि दाराच्या दांड्याला धरून नाचणाऱ्यांत न्यायाधीशही होते. पद्मा टपाच्या शिडीवर चढली होती. गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती, आणि समोरच्या जाळीतून वाफ येऊ लागली होती.

दस्तगीरचाचांनी मान वळवली. "दिगूभाऊ, इतक्या हळू नेली तर इंजिन तापेल."

"तापू द्या," मी म्हणालो.